भाता नसलेली पेटी

देवासात किंवा धारेत आपल्या जुन्या मराठी घरांतून पंगत उठली, की सुपारी कातरता कातरता कुणीतरी हमखास म्हणतं, "काका, ती बुवांच्या पायांची गोष्ट होऊन जाऊ द्या." काका म्हणजे मी. मग मी नको नको म्हणतो, पाटावर नीट बसतो, धोतर गुडघ्यापर्यंत घेतो आणि पाय हलवायला लागतो. तेवढ्यानंच निम्मी मंडळी हसून लोळतात.

ज्यांनी ती ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवासचे एक पेटीवाले बुवा आगबोटीतून विलायतेला गेले. बोटीवर त्यांनी पियानो पाहिला, त्याला पायपेटी समजले आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत रोज संध्याकाळी पायांनी त्यात हवा भरत बसले. हवा भरली जात नाही हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. गोरे लोक पोट धरधरून हसले. संपली गोष्ट.

ही गोष्ट मीच रचली. तिच्यातली पहिली संध्याकाळ खरी आहे. पुढचं सगळं खोटं. बुवा आता नाहीत, सरदार नाहीत, शास्त्री तर केव्हाच गेले. मीही आता औषधाच्या बाटलीवर चाललेला माणूस आहे. तेव्हा जे झालं ते सांगून टाकतो.

त्या वेळी मी धारेच्या एका सरदारांकडे खासगी कारकून होतो. नालछ्याच्या बाजूला त्यांची दोन-तीन गावं होती, धारेत मोठं घर होतं आणि तोंडात दात नव्हते. विलायतेत तोंडाच्या मापाचे दात करून मिळतात असं महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या डॉक्टरानं त्यांच्या डोक्यात भरवलं. राजेरजवाडे विलायतेला जात ते मानमरातबासाठी. आम्ही निघालो दातांसाठी. दप्तरी मात्र मी 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं. तेवढी भाषा मला त्या वयातही येत होती.

बरोबर चौघं: सरदार, त्यांचा आचारी, मी आणि बुवा. बुवा कशाला, तर दिवेलागणीला भजनाचे सूर कानांवर पडल्याखेरीज सरदारांना जेवण पचत नसे. बुवा देवासचे. तिथल्या एका देवळात कीर्तनाला पेटीची साथ करण्याचा मान त्यांच्या वडिलांचा होता, नंतर तो त्यांच्याकडे आला. माझ्याहून थोडे मोठे, हडकुळे, पान खाणारे आणि तिरसट. कीर्तनकार बेसूर झाला तर भर कीर्तनात त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, की तो बिचारा आख्यान विसरे.

आधी एक वर्ष ते इंदुरास मुक्काम ठोकून राहिलेल्या एका नाटक मंडळीत पायपेटी वाजवत होते. पायपेटी म्हणजे खुर्चीवर बसून वाजवायची मोठी पेटी. तिचा भाता खाली असतो, तो डाव्या-उजव्या पायानं सारखा दाबत राहावा लागतो. पाय थांबले की सूर मेला. ही सवय एकदा अंगात मुरली की झोपेतसुद्धा पाय चालतात. बुवांच्या घरची बाई सांगे, की त्या वर्षभर घरात एक पांघरूण धड राहिलं नव्हतं.

विलायतेचं ऐकून बुवा म्हणाले, "समुद्र ओलांडून आलो, आणि देवळात बसू दिलं नाही तर?"

प्रश्न रास्त होता. समुद्रप्रवास करून आलेल्याला प्रायश्चित्ताशिवाय पंगतीत घेत नसत, मग देवापुढे पेटी वाजवायला कोण बसवणार? त्यातून देवळाची व्यवस्था ज्या थोरल्या शास्त्रींकडे होती, त्यांचा भाचा पेटी वाजवायला शिकला होता. म्हणजे पेटीवर कणीक मळायला शिकला होता. बुवांची जागा रिकामी व्हावी म्हणून मामा-भाचे दोघंही देवाची प्रार्थना करत असावेत, आणि देव समोरच असल्यामुळे पत्त्याचीही अडचण नव्हती.

सरदारांनी शास्त्रींना बोलावून घेतलं. बराच वेळ खल झाला. शेवटी शास्त्रींनी सांगितलं, की अन्न आपल्या आचाऱ्याच्या हातचं, पाणी आपलं आणि मद्याचा संपर्क नाही, एवढं पाळलं तर पंचगव्य घेऊन, ब्राह्मणभोजन घालून जागा परत मिळेल. मद्याचं काही निघालं तर मात्र जागा गेली. बुवांनी तोंडातलं पान गिळून होकार दिला. भाचा दुसऱ्या दिवसापासून देवळात पेटीवर बसायला लागला.

बोटीचं वर्णन करत नाही. मुंबई सुटल्यापासून चार दिवस मी एका बालदीचंच वर्णन करू शकेन. माझी बालदी सुटेपर्यंत इकडे बुवांच्या पेटीनं प्राण सोडला. खाऱ्या हवेनं भात्याचं कातडं फुगलं, पितळी सूर गंजले. पट्टी दाबली की नुसता फुस्स आवाज यायचा. बुवा तिला मांडीवर घेऊन बसले होते, तापाचं पोर घेतात तसे.

सरदारांना दोन दिवस भजन नाही म्हणून अपचन झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना वरच्या एका दालनात बोलावलं. पुरुषमंडळी तिथे चिरूट ओढत बसत, म्हणून आम्ही त्याला चिरूटखाना म्हणत असू. भिंतीला लागून उंच लाकडी फळी, तिच्यामागे बाटल्यांच्या रांगा, फळीपलीकडे पांढऱ्या डगल्यातला बटलर आणि कोपऱ्यात काळा चकचकीत पियानो. गोरे लोक टेबलांभोवती पत्ते कुटत होते. सरदार एका गादीच्या खुर्चीत बसले होते. हातात पेला होता. त्यात सोडा होता. सोड्यात काय होतं ते मी आजही लिहिणार नाही, कारण त्यांचं मीठ खाल्लं आहे.

"बुवा, तुमची पेटी मेली ना? ती बघा तिची मोठी आई. वाजवा."

बुवा दारातच उभे. "सरकार, ही जागा..."

"जागेत काय आहे? तुम्ही पीत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. मला भजन ऐकायचंय. माझं पोट दगड झालंय."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाजवा हो. इथे देवासचं कोण बघतंय?" हे वाक्य माझं आहे, सरदारांचं नव्हे. गोष्ट सांगताना मी ते नेहमी सरदारांच्या तोंडी घालत आलो.

हा पियानो वाजवायला एक गोव्याचा माणूस होता, पण त्याच्या बोटाला नखुरडं झालं होतं आणि तो खाली पडून होता. म्हणून स्टूल रिकामं होतं. बुवा बसले. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग खाली वाकून पाहिलं, तर पायानं दाबायची दोन पितळी पावलं चमकत होती. बुवांचा चेहरा उजळला.

"अरे, ही तर पायपेटी!"

आणि पाय सुरू झाले. डावा, उजवा, डावा, उजवा. वर भजनाची चाल आणि खाली नाटक मंडळीच्या वेगानं हवा भरणं. पियानोत एका पावलानं सूर मऊ होतो, दुसऱ्यानं तो लांबतो, हे मला पुढे कळलं. त्यामुळे आवाज एकदा दबायचा, एकदा फुगायचा. विहिरीत कुणीतरी बुडतंय आणि वर येऊन अभंग म्हणतंय, असं वाटत होतं. बुवांच्या कपाळावर घाम. "भाता गळका दिसतो रे," मला म्हणाले, "सूर टिकतच नाही! लागला की लगेच मरतोय!" आणि पाय आणखी जोरात.

पत्ते थांबले. गोरे हसले, खरंच हसले. एकजण बोटीच्या झोक्याबरोबर डुलायला लागला आणि काही तरी बोलला. बटलरनं मला त्याचा अर्थ सांगितला: या वाजवण्याला बोट लागली आहे.

इथवर गोष्ट जशी मी सांगतो तशीच घडली.

आवाज ऐकून तो गोव्याचा माणूस चिंध्या गुंडाळलेलं बोट वर धरून धावत आला. "आरे मनशा, पांय काड! पांय काड!" त्याला वाटलं, कुणी पियानो फोडतंय. बुवा दचकून उठले. त्यानं पियानोचं झाकण उचललं आणि आतल्या तारा दाखवल्या. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "बुवाबाब, हांगा वारो ना. हवा नाही. तार हाये. हातोडी मारता, तार वाजता. ह्या पांयान तार मोकळी सोडता, बस."

बुवांनी आत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढेनात. बाहेर आलं तेव्हा चेहरा लाल होता. लाज असावी असं मी समजलो. पण ते म्हणाले, "म्हणजे उजवा पाय ठेवला तर सगळ्या तारा मोकळ्या? सगळ्या?"

"सगळ्या."

"मग हिला पेटी कशाला म्हणायचं? हा तर तंबोरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चिरूटखाना रिकामा असताना, ते दोघं तिथे बसले. मी दारात राखणीला होतो, म्हणजे पेंगत होतो. संध्याकाळी बुवा स्टुलावर बसले, डावा पाय मागे घेतला आणि उजवा पाय पावलावर दाबून तसाच ठेवला. डाव्या हातानं खालचा षड्ज एकदाच लावला आणि तो विरेपर्यंत थांबले. गोरे हसायच्या तयारीत होते. मग उजव्या हातानं चाल सुरू केली. एकेक सूर सावकाश. मोकळ्या सोडलेल्या सगळ्या तारा त्या एकेका सुरापाठोपाठ आपणहून गुणगुणायला लागल्या. आधीचा सूर पुरता जात नव्हता आणि नवा त्याच्या अंगावर येऊन बसत होता. फार गर्दी व्हायला लागली की बुवा क्षणभर पाय उचलत, खोली स्वच्छ होई, की पुन्हा पाय खाली.

मला गाण्यातलं काही कळत नाही. माझ्या लग्नात वाजंत्री चुकीच्या घरापुढे वाजत राहिली तरी मला पत्ता नव्हता. पण एवढं पाहिलं, की एक म्हातारा गोरा पेला ओठांपर्यंत नेऊन तसाच थांबला होता. पत्ते टेबलांवर पालथे होते. गोव्याचा माणूस बाजूला उभा होता, दुखरं बोट तोंडात घालून. सरदारांना ढेकर आली आणि त्यांनी ती तोंडावर हात ठेवून दाबली. सरदारांनी ढेकर दाबलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

पुढे रोज तेच. संध्याकाळी गोरे बायकांना घेऊन यायला लागले. पायांनी हवा भरणं पहिल्या दिवशीच संपलं होतं. जे नंतर चाललं होतं ते बुवांनी जाणून, हट्टानं, स्वतः शोधून काढलेलं होतं. गोव्याचा माणूस मला म्हणाला, "इतल्या बोटींवर वाजवलं, असलं आयकूंक ना." त्याचं बोट बरं झालं तरी तो संध्याकाळी स्टूल बुवांसाठी सोडायचा.

विलायतेत सरदारांचे दात झाले. परतीच्या बोटीवर पियानो बायकांच्या दालनात होता, त्यामुळे बुवांना बसता आलं नाही. ते लाकडी कठड्यावर बोटं आपटत मुंबईपर्यंत आले. उजवा पाय दाबलेला.

धारेत सरदारांचं प्रायश्चित्त एका सकाळी उरकलं. जागीरदाराला समुद्र फारसा चिकटत नाही. बुवांना आणि त्यांच्या सोबतीला मला देवासला जावं लागलं. देवासात तेव्हा दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघांच्या मधे एक रस्ता. देऊळ थोरल्या पातीत, बुवांचं घर रस्त्यापलीकडे धाकट्या पातीत. अलीकडे घेतलेल्या पंचगव्याला पलीकडचे शास्त्री ओळख देत ना. बुवा शुद्ध होऊन रस्ता ओलांडत आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा बाटत. दोन्हीकडे घ्यावं लागलं. "गाय तीच होती," बुवा मला म्हणाले, "मी ओळखली."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आचाऱ्याचं सरदारांशी कशावरून तरी बिनसलं आणि त्यानं देवासात येऊन चिरूटखान्याचं भांडं फोडलं. बुवा दारूच्या खोलीत बसून पिणाऱ्यांसाठी वाजवत होते, रोज! थोरल्या शास्त्रींनी देवळाच्या ओवरीत सभा भरवली. भाचा पेटी घेऊनच आला होता. इतका त्याला विश्वास.

बुवा एका बाजूला मान खाली घालून बसले. साक्षीला मी. सरदारांनी मला धारेहून साक्षीला धाडताना सांगितलं होतं, "काहीही बोल, पण माझा पेला मधे आणू नको. आणि बुवांची जागा जाता कामा नये."

शास्त्री म्हणाले, "त्या खोलीत मद्य होतं?"

"होतं."

"यांनी तिथे वाद्य वाजवलं?"

खोटं बोलायला जागा नव्हती. आचारी समोर बसला होता. बुवा वर जाऊन वाजवत हे त्याला ठाऊक होतं, कसं वाजवत ते मात्र त्यानं कधी ऐकलं नव्हतं. हो म्हटलं तर जागा गेली. भाचा पेटीचं झाकण उघडायला लागला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "वाजवलं कसलं, शास्त्रीबुवा! वाजवता आलं असतं तर ना!"

"म्हणजे?"

"त्या वाद्याला भाताच नाही. आत नुसत्या तारा. आणि आमचे बुवा आपले पायांनी हवा भरतायत! डावा, उजवा, डावा, उजवा! घामाघूम! म्हणे भाता गळका आहे!"

मी बसल्या जागी पाय मारून दाखवले. ओवरीत कुणीतरी फिसकन हसलं. मला तेवढं पुरलं.

"रोज?" शास्त्रींनी विचारलं. त्यांच्याही मिशा हलत होत्या.

"रोज! शेवटपर्यंत! गोऱ्यांची दारू पिऊन झाली तरी यांची हवा भरून होईना!"

सभा फुटली. हसण्यात फुटली. शास्त्री उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "अरे, मग ही कसली मद्यप्यांची सेवा? ही तर फजिती! अज्ञानाला दोष किती लावायचा? एक उपास कर बाबा आणि बस जाऊन पेटीवर." भाच्यानं झाकण लावलं.

बुवांनी एकदा मान वर केली. मी वाचवलंय हे त्यांना कळत होतं. एक शब्द बोलले असते, की मला येत होतं, मी वाजवलं, चांगलं वाजवलं, तर देऊळ सुटलं असतं. ते बोलले नाहीत. त्या संध्याकाळी कीर्तनाला बसले.

इथवरचं मी आजही पुन्हा करीन. पुढचं नाही.

पुढे असं झालं, की त्या ओवरीतलं हसू मला लागलं. जिथे जाईन तिथे गोष्ट सांगायला लागलो. देवासात, धारेत, सोनकच्छला सोयऱ्यांकडे. जागा तर केव्हाच वाचली होती, आता सांगायची गरज कुणालाच नव्हती. मी सांगत होतो, कारण मला कारकून म्हणून कुणी पान विचारत नव्हतं आणि आता पंगतीत जागा राखून ठेवत होते. दर वेळी गोष्टीत भर पडायची. बुवांनी हवेसाठी तेल मागितलं. बुवांनी पियानोच्या पोटाला कान लावला. एकदा तर मी त्यांना दोन गोऱ्यांना पायांपाशी बसवून हवा भरायला लावलं.

बाजारातून बुवा निघाले की टांगेवाले ओरडायचे, "कईं बुवासाब, हवा भरी के नी?" पोरं पाय मारत मागून चालायची. कीर्तनात बुवांनी पेटी ओढली, की मागच्या रांगेत कुणाचा तरी पाय हलायचा आणि खसखस पिकायची.

मधेच सरदारांनी महूहून एका जाणाऱ्या साहेबाचा पियानो घेतला. बैलगाडीतून धारेला आणला. वाटेत दोनदा कलंडला, तरी वाजत होता. बुवांना बोलावणं गेलं. मी दिवाणखान्यात होतो. धारेची सगळी सरदारमंडळी जमली होती, दोघं देवासचेही होते. बुवा आले, बसले. डावा पाय मागे घेतला, उजवा पावलावर ठेवला, दाबला. एकच षड्ज लावला.

तो विरायच्या आत दिवाणखाना हसला. पाय पावलावर गेलेला दिसला ना! "भरा हवा! भरा भरा!" कुणीतरी म्हणालं, "आज तेल आणवू का, बुवा?" तेल माझं होतं.

बुवांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं एवढीच त्यांची इच्छा होती. मंडळी, थांबा, ऐका, ही गंमत होती, यांना येतं. एवढंच. पण देवासचे ते दोघं समोर होते. खरं बोललो तर साक्ष खोटी ठरते आणि देऊळ जातं, असं मी मनाशी म्हटलं. हे खरंही होतं. आणि हेही खरं, की मी स्वतः हसत होतो. सगळेच हसत असताना एकट्यानं थांबणं मला जमत नाही.

बुवांनी माझ्यावरची नजर काढली. डावा पाय पुढे घेतला. आणि सुरू झाले. डावा, उजवा, डावा, उजवा! माझ्याहून सरस. जीभ बाहेर काढली, कपाळ पुसलं, पियानोच्या पोटाला कान लावला, "गळतोय!" म्हणून ओरडले. मी घातलेली एकूण एक भर त्यांना पाठ होती. सरदारांना इतकं हसू आलं, की विलायतेचे दात काढून तबकात ठेवावे लागले. शेला दिला. बुवांनी तो घेतला आणि पुन्हा कधी पियानोला शिवले नाहीत. पियानोवर पुढे पापड वाळत.

देवळात मात्र ते जन्मभर बसले. थोरले शास्त्री गेले, भाचा कंटाळून इंदुरास गिरणीत लागला. म्हातारपणी मी देवासास राहायला आलो आणि आम्ही कधी कधी कीर्तनाआधी ओवरीत बसायचो. एकदा धीर करून विचारलं, "बुवा, त्या दिवशी सभेत तुम्ही का नाही बोललात? येत होतं तुम्हाला."

"मग इथे पेटी कुणी वाजवली असती? त्या कणकेच्या गोळ्यानं?"

"म्हणजे मी केलं ते..."

"बरं केलंस." त्यांनी पान लावलं, मला दिलं. मग म्हणाले, "पण इतकं चांगलं सांगायला नको होतंस."

आत कीर्तनकारांनी टाळ उचलले. ते उठून गेले.

बुवा गेल्यावर मी खरं सांगून पाहिलं. एका मुंजीत पुन्हा फर्माईश झाली. मी म्हणालो, आज खरी गोष्ट सांगतो. सांगितली: झाकण उचललेलं, तारा, मोकळा सोडलेला षड्ज, पेला हातात धरून थांबलेला म्हातारा. लोक आधीपेक्षा जास्त हसले. "काका, हे तंबोऱ्याचं नवीन घातलंत! झकास!" पंगतीत बुवांचा मुलगा होता, आता देवळात तोच बसतो. वडीलधाऱ्यांच्या गोष्टीला हसायचं म्हणून तोही हसला. मी पाय हलवले नव्हते. त्यानंच थोडेसे हलवून दाखवले, मला आठवण करून द्यायला.

म्हणून हे लिहितो आहे. लिहिताना पाय दिसत नाहीत.

देवळातल्या त्या मुलासाठी शेवटी नीट सांगतो, बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल. तुझे वडील पायांनी हवा भरत नव्हते. पहिल्या संध्याकाळी भरली, तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं, कुणालाच नसतं. त्यानंतर डावा पाय मागे, स्टुलाखाली. उजवा पाय खाली, दाबलेला. खालचा षड्ज एकदाच, आणि तो विरेपर्यंत वाट पाहायची. गर्दी झाली तरच पाय उचलायचा. धारेतला तो पियानो अजून आहे, सरदारांच्या नातवाकडे. पापड बाजूला करून बघ.